सिस्टरांची सेवा मनापासूनची, पाळी मात्र १२ तासांची

कोल्हापुरातील एका खासगी रुग्णालयात आईच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी आम्ही ६ दिवस होतो. डॉक्टर, स्वच्छता, बिलाचा हिशेब यांविषयी तक्रार नाही. परिचारिकांबद्दल मात्र सविस्तर लिहायलाच हवे. रात्री ८ ला आलेल्या सिस्टर सकाळी ८ ला सुटायच्या, आणि बदली आली नाही की १० वाजेपर्यंत त्याच थांबायच्या. चौथ्या दिवशी पहाटे सलाईन संपून नळीत रक्त चढले, तेव्हा बेल वाजवूनही त्यांना यायला २० मिनिटे लागली, कारण मजल्यावरच्या १८ रुग्णांसाठी त्या एकट्याच होत्या. आल्यावर इंजेक्शनच्या बाटलीवरचे नाव त्यांनी दोनदा मोठ्याने वाचले. ‘या वेळेला डोळ्यांवर भरवसा राहत नाही हो, दादा,’ असे म्हणाल्या, आणि तरीही जाताना आईचे पांघरूण नीट करून गेल्या. साडेबारा तास किंवा त्याहून लांब पाळीत चूक होण्याची शक्यता सुमारे तिप्पट होते, असे अमेरिकेतील परिचारिकांच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले होते. ही उणीव सिस्टरांची नाही, व्यवस्थापनाची आहे. सेवेला मी ५ पैकी ३ गुण देतो. ८ तासांच्या तीन पाळ्या कराव्यात आणि रात्री मजल्यावर किमान दोन सिस्टर असाव्यात, ही विनंती तेथील अभिप्राय वहीतही लिहून आलो आहे.