आर, पायथन, एक्सेल, एसपीएसएस की स्टाटा: दशांशानंतरचे आकडे कोण कसे दाखवतं

थिसिससाठी किंवा रिपोर्टसाठी आकडेवारीचं सॉफ्टवेअर निवडताय ना, मग "कोण जास्त अचूक" हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. आतलं गणित जवळपास सगळेच डबल प्रिसिजनमध्ये (आकडा साठवायची कॉम्प्युटरची नेहमीची पद्धत) करतात, म्हणजे साधारण १५-१६ अंक भरवशाचे. फरक पडतो तो त्यातले किती अंक स्क्रीनवर येतात आणि तुम्ही ते उचलता कसे यात.

सगळ्यात जास्त घोळ पी-व्हॅल्यूत, म्हणजे खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने निदान एवढा फरक दिसण्याची शक्यता. एसपीएसएस सिगच्या कॉलममध्ये (तिथे पी-व्हॅल्यू असते) तीन दशांश दाखवतं, जुन्या व्हर्जनमध्ये तर सरळ .००० लिहून मोकळं, आणि लोक ते उचलून "पी = ०.०००" टाइप करतात (मीही केलंय एकदा, मग परीक्षकांनी विचारलं की शक्यता शून्य आहे हे कसं ठरवलंत, तर माझी बोलती बंद). नवीन व्हर्जनमध्ये <.००१ येतं, ते बरं. स्टाटाच्या रिग्रेशन टेबलात ०.०००, सॅस नावाच्या आणखी एका सॉफ्टवेअरमध्ये <.०००१. आर मात्र दुसऱ्या टोकाला, तिथे < २.२ई-१६ (दशांशचिन्हानंतर पंधरा शून्यं आणि मग २२) दिसतं आणि नवीन माणसाला वाटतं काय जबरदस्त रिझल्ट आलाय, पण तो आकडा तुमच्या डेटाचा नसतोच, ती कॉम्प्युटरच्या डबल प्रिसिजनची मर्यादा आहे. रिपोर्टमध्ये आपलं पी < ०.००१ लिहायचं.

आणि सीमेवरची गंमत बघा. ०.०४९६ आणि ०.०५०४, दोन्ही तीन दशांशात ०.०५०. एक ५ टक्क्यांच्या नेहमीच्या सीमेच्या (०.०५) अलीकडे, एक पलीकडे, टेबलात मात्र जुळे भाऊ! एसपीएसएसमध्ये टेबलावर डबल क्लिक करून मग त्या सेलवर डबल क्लिक केलं की पूर्ण आकडा दिसतो, स्टाटामध्ये रिग्रेशननंतर तो आर(टेबल) नावाच्या मॅट्रिक्समध्ये (आर सॉफ्टवेअरशी संबंध नाही) पडलेला असतो. तेवढे कष्ट घ्या.

आता राउंडिंग. एक्सेलचं राउंड २.५ चे ३ करतं, शाळेत शिकवलं तसं. आर आणि पायथन २ करतात! बग नाही हो, बरोबर अर्ध्यावर असलेला आकडा सम संख्येकडे न्यायचा असा नियम आहे, कारण दरवेळी वरच ढकललं तर बेरीज हळूहळू फुगत जाते. सॅसमध्ये दोन्ही मिळतं, राउंड म्हणजे शाळेचं आणि राउंडई म्हणजे समवालं. त्यामुळे टीममधला एकजण एक्सेलवर आणि दुसरा पायथनवर असेल तर शेवटचा अंक कधीतरी जुळणार नाही, तेव्हा भांडू नका, आधी नियम तपासा. पायथनमध्ये २.६७५ दोन दशांशात २.६७ येतं त्याचं कारण मात्र वेगळं, तो आकडा बायनरीत (कॉम्प्युटरच्या ०-१ च्या पद्धतीत) नेमका बसतच नाही, आत साठवला जातो तो २.६७५ पेक्षा किंचित कमी.

आरमध्ये अजून एक लक्षात ठेवा, प्रिंट करायच्या अंकांचं डिफॉल्ट ७ म्हणजे सात दशांश नाहीत, सात सार्थ अंक (दशांशाच्या आधीचे धरून), म्हणून १२३४५६.७८९ प्रिंट होताना १२३४५६.८ दिसतं. टिबलमध्ये (आरमधलं टेबल ठेवायचं एक रूप) तर तीनच, १२३.४५६ चं "१२३." होतं, नुसता टिंब लटकत, आणि माणूस घाबरतो की डेटा गेला. काही गेलेलं नसतं. आरच्या समरी फंक्शनचं (सरासरी वगैरेचा सारांश देणारं) जुनं दुखणं मात्र खरंच होतं, १२३४५६ ला १२३५०० करून द्यायचं, २०१७ मध्ये ३.४.० व्हर्जनपासून समरी स्वतः राउंड करत नाही, फक्त प्रिंट करताना होतं. पायथनमधली टेबलांची लायब्ररी पँडास सहा दशांश दाखवते, बाकी विशेष काही नाही.

एक्सेलमध्ये फॉरमॅट बदलला तरी आतला आकडा तोच राहतो, म्हणून ३३.३ तीनदा आणि खाली बेरीज १००.० असं दिसतं, बघणारा म्हणतो ९९.९ कुठे गेलं. ते जुळवायला "प्रिसिजन ॲज डिस्प्लेड" (दिसतो तेवढाच आकडा ठेवा) ची टिक करायचा मोह होतो. करू नका!! आतले अंक कायमचे कापले जातात, तेही अख्ख्या वर्कबुकमध्ये, आणि टिक काढली तरी परत येत नाहीत.

स्टाटाची अडचण साठवणुकीत आहे. जनरेट कमांडने केलेलं नवीन व्हेरिएबल डिफॉल्टने फ्लोट असतं, सातेक अंकांचं, त्यामुळे ०.१ भरून मग "०.१ बरोबर असलेले दाखव" म्हटलं तर एकही ओळ येत नाही. लांबलचक आयडी नंबर फ्लोटमध्ये ठेवलात तर शेवटचे अंक बदलतात, जनरेटपुढे डबल लिहायची सवय लावून घ्या.

माझं मत विचाराल तर टेबलं वारंवार बदलणार असतील तर आर किंवा पायथन, कारण आकडा स्क्रीनवरून हाताने उचलावाच लागत नाही, कोडमधूनच टेबल बनतं आणि राउंडिंग सगळ्यात शेवटी एकदाच होतं. एकदाच करायचं काम असेल आणि कोडची भीती वाटत असेल तर एसपीएसएस चालेल, फक्त .०५० दिसलं की डबल क्लिक. एक्सेल शेवटच्या टेबलाच्या सजावटीला ठेवा. स्टाटा येत असेल तर सोडायचं काहीच कारण नाही, पण वरचं फ्लोटचं आधी बघा.