शूगलनिफ्टी की पीटबॉग फेअरीज, आधी काय ऐकायचं?

दोन्ही स्कॉटिश बँड, दोन्हीकडे भर वाद्यांवर, आणि दोन्ही ऐकताना पाय गप्प राहत नाहीत. पण शूगलनिफ्टी एडिनबराचा, 1990 चा, आणि तिथे राज्य फिडलचं (लोकसंगीतातलं व्हायोलिन), म्हणजे ते वाजवणाऱ्या अँगस ग्रँटचं, तो एकच छोटीशी धून घोळवत राहायचा आणि खाली बँजो, मँडोलिन, ड्रम्स असे हळूहळू चढत जायचे की लय कधी अंगात भिनली कळायचंच नाही. 2016 मध्ये तो गेला, फार हळहळ वाटली, आता फिडल एली शॉकडे आहे. आणि हो, राजस्थानी कलाकारांबरोबरचा त्यांचा 2018 चा अल्बम चुकवूच नका!

पीटबॉग फेअरीज स्काय बेटावरचे, 1991 पासूनचे. इथे पीटर मॉरिसनची बॅगपाइप, खाली घुमणारा बास, मधेच जमैकाचं रेगे संगीत, मधेच थेट क्लबमधला ठेका. बॅगपाइपचा आवाज वाजवताना लहानमोठा करता येत नाही, मग चढउतार सगळा बास, ड्रम्स आणि कीबोर्डने करायचा, आणि ते हे लोक काय भारी करतात!

नाचायचं असेल तर डोळे झाकून पीटबॉग. पण रात्री हेडफोन लावून बसणार असाल तर मी शूगलनिफ्टीच म्हणेन, त्यातही सुरुवातीचे अल्बम आधी.