ओटीजीत बटाटा : पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत वापरून

ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिलर, म्हणजे ओट्यावरचा छोटा विजेचा ओव्हन) घेतला केकसाठी. केक झाले दोन-चार, पण नेरूळच्या आमच्या घरात त्यात सगळ्यात जास्त भाजला गेला तो बटाटा. त्यामुळे हा अनुभव यंत्राचा कमी आणि बटाट्याचा जास्त आहे. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण इतक्या महिन्यांनंतर माझं मत असं झालंय की २८ लिटरचा कुठलाही बरा ओटीजी चालतो, बटाटा मात्र कुठलाही चालत नाही.

कोपऱ्यावरचा भाजीवाला 'नवा' की 'जुना' एवढंच सांगतो. जात हवी असेल तर वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटच्या आसपास विचारावं लागतं. तिथे 'वेफरचा' म्हटलं की चिप्सोना किंवा लाल सालीचा एलआर (लेडी रोझेटा) दाखवतात. भाजायला हेच. यांत पाणी कमी, पिठूळपणा जास्त. तासाभराने काढलेल्या चिप्सोनावर सुरी फिरवली की साल कुरकुरते, आतला गर भुरभुरीत सुटतो आणि वर घातलेलं तूप दिसेनासंच होतं. त्यावर दाण्याचं कूट, सैंधव, जिरं. उपवास नसेल तर लसणाची चटणी. मुलांना चीज हवं असतं, खाऊ देत.

हिवाळ्यात स्वस्त मिळणारा पिवळसर पुखराज पाणीदार असतो. आख्खा भाजला तर आत ओलसर गोळाच राहतो. त्याचा रस्सा करावा. अगदी छोटे असतील तर मात्र सालीसकट मोहरीच्या तेलात घोळवून छान भाजतात.

खरी गंमत पावसाळ्यात कळली. तेव्हा बाजारात बहुतेक माल कोल्ड स्टोरेजचा. फार थंडीत राहिलेल्या बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते, म्हणून तो भाजताना लवकर काळपट होतो आणि चवीला उगाच गोडसर लागतो. असा बटाटा आठ-पंधरा दिवस बाहेर, अंधाऱ्या हवेशीर जागी ठेवला की बराच सुधारतो. फ्रिजमध्ये तर ठेवूच नये. हिरवट डाग असले तर तेवढा भाग जाड कापून टाकायचा, फार हिरवा असेल तर अख्खा बटाटाच.

पद्धत सोपी आहे. धुऊन कोरडा पुसायचा, काट्याने टोचायचा, तेल-मीठ चोळायचं आणि आधीच २०० अंशांवर तापवलेल्या ओटीजीत जाळीवर ठेवायचा. ट्रेवर ठेवला तर खालची बाजू नरम पडते. फॉइलमध्ये गुंडाळला तर वाफ आतच कोंडते, म्हणजे बटाटा उकडला जातो, भाजला जात नाही. बाहेर काढल्या काढल्या चिरून वाफ जाऊ द्यायची, हे तर विसरूच नये.

रताळ्याचं गणित वेगळं. ते थंड ओटीजीत ठेवून १५० वर हळूहळू तापवायचं आणि शेवटी आच वाढवायची. साधारण ६० ते ७५ अंशांच्या दरम्यान रताळ्यातलं एन्झाइम स्टार्चची साखर करतं, आणि घाईत तो टप्पा पटकन निघून जातो. महाशिवरात्रीला असं भाजलेलं रताळं खाल्ल्यावर सासूबाईंनी गूळ मागितलाच नाही.

आता तक्रारी. माझ्या ओटीजीचा काटा २०० दाखवतो तेव्हा आत तेवढी उष्णता नसते. वेगळा थर्मामीटर ठेवल्यावर हे कळलं, आता काटा थोडा पुढेच ठेवते. बाहेरचा पत्रा चटका देण्याइतका तापतो, त्यामुळे ओट्यावर भिंतीपासून लांब जागा लागते. १५०० वॅटचा असल्याने १६ अँपिअरचाच सॉकेट हवा. वीज मात्र लोक समजतात तेवढी जात नाही. तासाला फार तर दीड युनिट, आणि थर्मोस्टॅट मध्येमध्ये बंद होत असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमीच.

घरात एक-दोनच माणसं असतील तर बटाट्यासाठी ओटीजी घेऊ नका. एक बटाटा भाजायलाही तासभर अख्खा डबा तापवायचा, त्यापेक्षा छोटा एअर फ्रायर बरा. आमच्याकडे एका वेळी सात-आठ बटाटे लागतात आणि शेवटच्यावरून भांडण होतं, म्हणून आमचं जमून गेलं.