हर्पिसची गोळी: रोज घ्यायची की फोड आल्यावर?

एचआयव्हीवरच्या औषधांची, म्हणजे एआरटीची, गोळी चुकत नाही, व्हायरल लोड (रक्तातलं एचआयव्हीचं प्रमाण) दबलेला आहे, तरी दर दोन-तीन महिन्यांनी त्याच जागी मुंग्या येतात आणि दुसऱ्या दिवशी पाणी भरलेल्या पुळ्यांचा घोस उठतो. घरात 'उष्णता झालीय' म्हणून वेळ मारून नेता येते, सब्जाही पिऊन होतो. पण जननांगाचा हर्पिस उष्णतेचा नव्हे. तो नागीणही नव्हे. नागीण कांजिण्यांच्या विषाणूची. इथे बहुतेकदा हर्पिस सिम्प्लेक्सचा दुसरा प्रकार असतो. तो कमरेखालच्या मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतो आणि तिथून त्याला हुसकून काढणारं औषध अजून नाही. मग हातात उरतात दोनच रस्ते.

पहिला, फोड आल्यावर घेण्याचा. एचआयव्ही असलेल्यांसाठी ॲसायक्लोव्हिर 400 मिलिग्रॅम दिवसातून 3 वेळा, 5 ते 10 दिवस. लैंगिक आजारांसाठीच्या सरकारी 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये मिळणाऱ्या लाल किटात, म्हणजे 5 नंबरच्या, हीच गोळी 7 दिवसांची असते. वर्षातून एक-दोनदाच त्रास होत असेल तर हे पुरतं आणि एरवी औषधाची आठवणही राहत नाही. मेख आहे ती वेळेत. पुळी दिसल्यापासून एका दिवसाच्या आत, किंवा त्याआधी मुंग्या-जळजळ जाणवतानाच पहिली गोळी पोटात गेली तर उपयोग. शनिवारी रात्री सुरुवात झाली आणि सोमवारच्या ओपीडीची वाट पाहिली, तर निम्मा फायदा तिथेच गेला. म्हणून हा रस्ता धरणाऱ्याने डॉक्टरांकडून आधीच चिठ्ठी घेऊन स्ट्रिप घरात ठेवावी. नुसतं मलम लावण्यात फारसा अर्थ नाही.

दुसरा रस्ता रोजच्या गोळीचा: ॲसायक्लोव्हिर 400 ते 800 मिलिग्रॅम दिवसातून 2-3 वेळा, किंवा व्हॅलासायक्लोव्हिर 500 मिलिग्रॅम दोनदा. व्हॅलासायक्लोव्हिर महाग, पण वेळा कमी. इंटरनेटवर 'रोज एकच 500ची' असं वाचलं असेल, तर तो डोस एचआयव्ही नसलेल्यांचा. तो उचलू नका. रोज घेतल्याने फोडांचे उठाव बरेच कमी होतात. ज्यांना जवळजवळ दर महिन्याला त्रास आहे, किंवा पुढची पुळी कधी येईल या धास्तीनेच जे खचलेत, त्यांनी माझ्या मते हाच रस्ता घ्यावा.

रोजच्या गोळीकडे झुकावं अशी आणखी एक वेळ आहे. सीडी-फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) 200च्या खाली असताना एआरटी सुरू केली, तर पहिल्या 6 महिन्यांत जननांगावरच्या जखमा उलट वाढू शकतात. तेव्हा माणसाला वाटतं, एआरटी लागू पडत नाही, आणि तो तीच बंद करून बसतो. ते मुळीच करू नये. या काळात हर्पिसची गोळी रोज घेतली तर या जखमांना आळा बसतो.

मात्र 'जोडीदाराला होऊ नये म्हणून रोज घेतो' हे कारण टिकत नाही. एचआयव्ही नसलेल्यांमध्ये रोजच्या व्हॅलासायक्लोव्हिरने जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं होतं. एचआयव्ही असलेल्यांमध्ये तसा फायदा दिसला नाही. आफ्रिकेत हजारो जोडप्यांवर झालेल्या आणि 2010मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोजच्या ॲसायक्लोव्हिरने एचआयव्हीचा प्रसारही रोखला नाही. एचआयव्ही रोखते ती एआरटी: लोड सापडत नसेल, तर शरीरसंबंधातून एचआयव्ही जात नाही. हर्पिसला मात्र हा नियम लागू नाही. पुळी नसतानाही तो जाऊ शकतो. त्यामुळे कंडोम दोन्ही रस्त्यांवर हवाच, आणि पुळ्या असताना संबंध नकोत.

मूत्रपिंडाचंही पाहावं लागतं, कारण ॲसायक्लोव्हिर आणि टीएलडी या एआरटीच्या गोळीतलं टेनोफोव्हिर दोन्ही तिथूनच बाहेर पडतात. पाणी भरपूर प्या, मूत्रपिंडाचं काम कळण्यासाठी रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या. टीएलडीतल्याच डोल्युटेग्राव्हिरमुळे क्रिएटिनिनचा आकडा थोडा चढतो, तेव्हा रिपोर्ट पाहून स्वतःच घाबरून गोळ्या बंद करू नका. गरोदर असाल तर हा हिशेब वेगळा. शेवटच्या महिन्यातल्या गोळीबद्दल डॉक्टरांशी बोला.

नीट गोळ्या घेऊनही 7 ते 10 दिवसांत जखम भरत नसेल, तर दोन्ही रस्ते बाजूला ठेवा. विषाणू ॲसायक्लोव्हिरला दाद देत नसेल, अशी शंका तिथे घ्यावी लागते. डोस दामटून वाढवू नका, जखमेचा नमुना तपासायला सांगा. मग फॉस्कार्नेटसारखं औषध शिरेतून द्यावं लागतं, आणि तेही मूत्रपिंडाला जड.

रोजची गोळी जन्मभराची नसते. वर्षभराने डॉक्टरांना विचारून थांबवून पाहा. थांबवल्यावर एक उठाव बहुधा येतोच; त्यावरून घाईने पुन्हा सुरू करू नका, दुसरा किती दिवसांनी येतो ते पाहून ठरवा.