स्मार्ट प्लग: मोटर सुधारली, बिल तेवढंच

जळगावात आमच्याकडे स्मार्ट मीटर (कोणत्या वेळी किती वीज वापरली हे नोंदवणारा) बसला आणि कळलं की १ जुलै २०२५ पासून महावितरण सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या युनिटवर ८० पैसे सूट द्यायला लागलंय (२०२५ मधला दर), मग काय, फोनवरच्या ॲपमधून चालू-बंद होणारा हजाराचा १६ अँपियरचा स्मार्ट प्लग मागवला, पाण्याच्या मोटरला लावला अन् सकाळी ११चं टायमर टाकलं. आधी आई पहाटे साडेपाचला उठून मोटर लावायची, तेवढी तिची झोप वाचली.

पण दुसऱ्याच आठवड्यात लाइट गेली, परत आली अन् प्लग आपोआप चालू! घरी कोणी नाही. शेजारच्या काकूंचा फोन, "काय भो, टाकी वाहतेय तुमची, माझे पापड भिजले." बऱ्याच प्लगच्या ॲपमध्ये लाइट आल्यावर बंदच राहायचं सेटिंग असतं, ते आधी करा.

हिशोब सांगतो, एक एचपीची मोटर तासभर म्हणजे पाऊण युनिट, वॉशिंग मशीनही ९ ते ५ मध्येच लावलं तर अजून अर्धं युनिट धरा, दिवसाला रुपया सुटतो. प्लगचे पैसे निघायला पावणेतीन वर्षं! खरी वीज खातो तो कुलर, अन् मे महिन्यात तो रात्री बंद ठेवून दाखवा बरं.