मोठी गोधडी: भिंतीवर, वलणीवर की पलंगावर? आणि फोटो कुठे काढावा?

गावाकडून आजीची गोधडी घरी आली, किंवा वर्षभर खपून स्वतः शिवलेली पूर्ण झाली, की दोन प्रश्न उभे राहतात. ही लावायची कुठे, आणि हिचा धड फोटो कसा काढायचा? बहुतेक जण दोन्हींचं उत्तर एकाच खिळ्यावर शोधतात. भिंतीवर टांगू, फोटोही तिथेच निघेल. माझ्या मते हे दोन निर्णय वेगळे ठेवायला हवेत. फोटोसाठी गोधडी दहा मिनिटं टांगावी लागते, शोभेसाठी महिनोन्‌महिने. दहा मिनिटांचा ताण सोसणारं कापड तीन महिन्यांचा ताण सोसेलच असं नाही.

आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये तीन मोठ्या गोधड्या आहेत. एक आजीची, नऊवारी लुगड्यांची. दुसरी आईची, सुती साड्या आणि बाबांच्या धोतरांची. तिसरी मी शिवलेली, ठिगळांची, आत पॉलिस्टरचा पातळ थर घातलेली. तिन्ही साधारण साडेसात फूट बाय सव्वाआठ फूट. प्रवासाच्या बॅगा तोलायच्या हुकाच्या काट्यावर आजीची सव्वाचार किलो भरली, माझी दोन किलोही नाही. मापं सारखी असली तरी तिघींचं उत्तर मला वेगवेगळं सापडलं.

आधी कापड बघा, मग भिंत

गोधडी खिडकीसमोर धरा आणि मागून येणारा उजेड कुठून जास्त झिरपतो ते पाहा. ती जागा विरलेली समजायची. मग बोटांच्या चिमटीत कापड धरून अगदी हलकं ताणा. चर्र असा बारीक आवाज आला, तर ती गोधडी टांगायची नाही, विषय संपला. काळ्या आणि गडद तपकिरी तुकड्यांकडे विशेष लक्ष द्या. लोखंडाचा वापर करून केलेले जुने काळे रंग सुताला हळूहळू आतून खातात. आजीच्या गोधडीत शेजारची लाल आणि हिरवी लुगडी अजून ठणठणीत आहेत, पण काळ्या चंद्रकळेच्या तुकड्याला बोट लावलं तरी धागे सुटतात.

शिवण्याची पद्धतही बघून घ्या. आमच्याकडच्या गोधडीचा धावदोरा कडेने निघतो आणि चौकोनात फिरत फिरत मध्यावर येतो. ती टांगली की सगळं वजन वरच्या कडेच्या चार-पाच ओळींवर येतं. दोरा तिथे कुजका असेल तर आधी तिथे नवा धावदोरा घालायचा.

चिमटे, नेफा की वेल्क्रो

चिमट्यांबद्दल मी स्पष्टच सांगते, लावू नका. पडद्याच्या रॉडला कड्या, कड्यांना चिमटे, त्यात गोधडी, हे काम पाच मिनिटांत होतं आणि दिसतंही छान. मी आईची गोधडी अशीच लावली होती. नऊ चिमटे होते. ती चार किलोंच्या आसपास आहे, म्हणजे प्रत्येक चिमट्यावर जवळजवळ अर्धा किलो, तोही नखाएवढ्या जागेवर. दिवाळीत लावलेली होळीला उतरवली, तेव्हा वरच्या कडेला कमानी पडल्या होत्या आणि दोन ठिकाणी साडी उसवली नव्हती, फाटली होती. उसवलेलं पुन्हा शिवता येतं. फाटलेल्या जागी ठिगळ लावावं लागलं, आणि ते ठिगळ आईचं नाही, माझं आहे.

तेच वजन साडेसात फुटांवर सारखं वाटून द्यायचं असेल तर नेफा. परकराला नाडीसाठी असतो तोच, फक्त रुंद. मांजरपाट आणून आधी धुऊन घ्या, खळ निघून जाते आणि आटायचं ते आधीच आटतं. नऊ इंच रुंदीची पट्टी दुमडून साधारण चार इंचांची नळी करा आणि गोधडीच्या पाठीला, वरच्या कडेपासून अर्धा इंच खाली, हाताने शिवा. टाका मागच्या दोन-तीन थरांतून जायला हवा, दर्शनी बाजूला दिसता कामा नये. नळी किंचित सैल ठेवा, नाहीतर दांडीचा फुगवटा पुढून उमटतो. साडेसात फुटांची दांडी मध्ये झोळते, म्हणून नेफ्याचे दोन तुकडे करून मधली जागा तिसऱ्या ब्रॅकेटसाठी मोकळी सोडावी. पुण्याच्या बोहरी आळीत एक इंची ॲल्युमिनियमचा पाइप आणि भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे येणारी ब्रॅकेटं मिळतात. हे दोन-तीन इंच महत्त्वाचे, मागून हवा खेळते. दांडी बसवताना पाणसळ लावा. सव्वाआठ फूट लांब कापडाला वर अर्ध्या इंचाचा कल असला तरी खाली तो नजरेला खुपतो.

वेल्क्रोचा एक मोठा फायदा आहे, जो नेफ्यात नाही. हाताने शिवलेली गोधडी काटकोनात नसते. आजीच्या गोधडीची डावी बाजू उजवीपेक्षा दोन इंच लांब आहे. दांडीवर ती बाजू लोंबते, वेल्क्रोवर हवी तिथे वर घेता येते. मऊ बाजू आधी रुंद सुती फितीवर मशीनने शिवायची, फीत गोधडीला हाताने लावायची, आणि खरखरीत बाजू भिंतीला स्क्रूने बसवलेल्या लाकडी पट्टीवर. मागे चिकट गोंद असलेली वेल्क्रो थेट कापडाला लावू नका, तो गोंद कालांतराने सुतात उतरतो. तोटा असा की उतरवताना ओढावं लागतं. तुमची गोधडी भक्कम आहे पण वाकडी आहे, तर वेल्क्रो. भक्कम आणि बऱ्यापैकी सरळ असेल, तर नेफा.

काचेच्या फ्रेमचा विचार एवढ्या मोठ्या कापडासाठी मी सोडून दिला. वजन, खर्च, आणि पावसाळ्यात काचेला टेकलेल्या कापडावर धरणारी बुरशी.

कोणती भिंत, किती दिवस

फ्लॅटचा स्लॅब साडेनऊ-दहा फुटांवर असतो, म्हणजे सव्वाआठ फुटांची गोधडी उभी लावली तर खाली फूट-दीड फूट उरतं. साहजिकच ती सोफ्याच्या मागे जाते, आणि तिथे डोकी टेकतात. खोबरेल तेलाचा डाग लुगड्यातून काढणं फार अवघड. स्वयंपाकघराला लागून असलेली भिंत फोडणीच्या वाफेची, देवघराजवळची उदबत्ती आणि निरांजनाच्या काजळीची. बाहेरच्या बाजूची भिंत पावसाळ्यात ओल धरते. राहते दोन खोल्यांमधली आतली भिंत, जिच्यावर थेट ऊन येत नाही.

उजेडाचं मात्र मनावर घ्या. संग्रहालयांमध्ये जुन्या कापडांवर 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपासच उजेड ठेवतात. आपल्या हॉलमध्ये खिडकीजवळ दिवसा त्याच्या कितीतरी पट असतो. उजेडाने उडालेला रंग परत येत नाही, आणि रोजचं थोडं थोडं नुकसान साठत जातं. म्हणून वर्षभर टांगणं मला मान्य नाही. दसऱ्याला लावावी, संक्रांतीला उतरवावी. पाऊस संपलेला असतो, हवा कोरडी असते, उन्हाळ्याची तिरीप अजून सुरू झालेली नसते. उरलेले नऊ महिने जुन्या सुती चादरीत गुंडाळून ठेवायची. प्लास्टिकच्या पिशवीत ओल अडकते, ती नको. घडी घालणार असाल तर दर वेळी वेगळ्या रेषेवर घाला.

वलणी आणि पलंग

वाड्यात कपड्यांसाठी तुळयांना वलणी टांगलेली असे, तिच्यावर गोधडी मधोमध दुमडून टाकली जाई. फ्लॅटमध्ये तेच करायला तीन-चार इंच जाडीचा पाइप घ्या, त्याला मांजरपाट गुंडाळा आणि गोधडी वरून सोडा. शिवण नाही, टाका नाही, दोन्ही बाजूंचं वजन एकमेकांना तोलतं. दिसते अर्धीच, पण महिन्याला फिरवून दुसरी बाजू पुढे घेता येते. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडायची परवानगी नसेल, तर हाच पाइप दोन उभ्या स्टँडांवर बसतो. माझी ठिगळांची गोधडी अशीच आहे. तिची नक्षी सारख्या चौकोनांची असल्याने अर्धी दिसली तरी काही हुकत नाही.

पलंगावर कापडाला अजिबात ताण नाही. पण डबलबेड साधारण सहा फूट बाय साडेसहा फूट, म्हणजे दोन्ही बाजूंना नऊ-नऊ इंच खाली लोंबतात आणि गोधडीतलं सगळ्यात देखणं, म्हणजे लुगड्याचे काठ, नेमके त्या लोंबत्या भागात जातात. शिवाय त्यावर बसणं, उठणं, चहा. तरीही विरलेल्या गोधडीला हाच एक मार्ग आहे, आणि तोही ज्या खोलीत रोजची वर्दळ नाही तिथे. आईची गोधडी भिंतीवर पाहून आत्या म्हणाली होती, “अगं, भिंतीला थंडी वाजते का?” ते मला लागलं. आईची मी दुरुस्त करून पुन्हा पांघरायला काढली. आजीची आता आतल्या खोलीच्या पलंगावर असते, दिवसा वर पांढरी चादर. कोणी बघायला आलं की चादर काढते.

फोटो: भिंत, गच्ची की फरशी

इथे अंतराचं गणित आधी मांडा. फोन उभा धरून नेहमीच्या लेन्सने साडेसात बाय सव्वाआठ फुटांची गोधडी कडेच्या थोड्या मोकळ्या जागेसह पकडायला साधारण आठ-नऊ फूट मागे जावं लागतं. पण इतक्या जवळून कडा बाहेर फुगल्यासारख्या दिसतात. दुप्पट झूमने चौकोन चौकोनच राहतो, त्यासाठी सोळा-सतरा फूट लागतात. दहा बाय पंधराच्या हॉलमध्ये ते लांबीच्या बाजूनेच, आणि तेही दारातून पॅसेजमध्ये उभं राहून जमतं. रुंद कोनाची लेन्स वापरायचा मोह टाळा, तिच्यात गोधडी ओळखू येणार नाही.

फरशीवर अंथरून वरून काढणं सोपं वाटतं, पण फोन बरोबर मध्यावर आठ-नऊ फूट उंच हवा. स्टुलावर चढून काढलात तर गोधडी समलंब चौकोन होते, पायाकडची बाजू रुंद आणि डोक्याकडची अरुंद. फक्त विरलेल्या गोधडीसाठी मी हे करते, आणि पूर्ण एका फोटोत येण्याचा हट्ट सोडून चार भागांत काढते.

गच्चीत अंतराची अडचण नाही. ऊन थेट पडलं की काठाची जर चमकते आणि टाक्यांच्या सावल्या काळ्याकुट्ट होतात, म्हणून ढगाळ पण कोरडा दिवस, किंवा पाण्याच्या टाकीची सावली पडते ती बाजू. वारा मात्र छळतो. दोघांनी कोपरे धरले तर बोटं दिसतात आणि मध्ये झोळ येतो. त्यापेक्षा नेफ्यात दांडी घालून ती टाकीच्या शिडीला दोन टोकांना बांधा, आणि खालच्या कडेच्या मागे कच्च्या टाक्याने एक हलकी पट्टी अडकवा.

फोन गोधडीच्या मध्याच्या उंचीवर धरा, म्हणजे जमिनीपासून चार-पाच फूट, आणि पुढे-मागे कलू देऊ नका. घरात काढताना ट्यूबलाइट बंद, फक्त खिडकीचा उजेड. दोन्ही मिसळले की एका बाजूची पांढरी साडी हिरवट आणि दुसऱ्या बाजूची निळसर येते. पहिल्या फोटोत कोपऱ्यात साधा पांढरा कागद धरा, नंतर रंग त्यावरून जुळवता येतो. फ्लॅश नाहीच.

मग एक फोटो टाक्यांसाठी, आणि इथे नियम उलटा. समोरून पडणारा उजेड रंग दाखवतो, पण गोधडी कागदासारखी सपाट करतो. खिडकी एका बाजूला ठेवा, बाकीचे पडदे ओढा, गोधडी खिडकीच्या भिंतीला जवळजवळ काटकोनात येऊ द्या. उजेड कापडावरून सरपटत जातो आणि धावदोऱ्याच्या प्रत्येक टाक्याला बारीक सावली मिळते. आजीचा टाका पहिल्या कडेला भाताच्या शितासारखा सारखा आहे, मध्याकडे येता येता लांबत गेला आहे, आणि शेवटच्या चौकोनात पुन्हा बारीक. हे मला समोरून काढलेल्या वीस फोटोंत कधी दिसलं नव्हतं, बाजूच्या उजेडातल्या एका फोटोत दिसलं.

महागडा कॅमेरा यासाठी विकत घ्यायची गरज नाही. कोणाकडून मिळाला तर तिपाईसह आणा, कमी उजेडात हात हलत नाही एवढाच खरा फरक.

नेफा शिवायच्या आधी पाठीचा फोटो काढून ठेवा, कारण ती जागा नंतर झाकली जाते. आणि मांजरपाटाची एक लहान पट्टी खालच्या कोपऱ्यात शिवून तिच्यावर मऊ पेन्सिलीने लिहा, शाई फुटते. मी आत्याला शेजारी बसवून लिहिलं: लाल, आजीचं लग्नातलं. हिरवं, डोहाळजेवणाचं. चंद्रकळा, पहिल्या संक्रांतीची. जांभळ्या काठाचं, धाकट्या जाऊबाईंचं, त्यांनी मागून घेऊन घातलेलं.