पीआय, डेडबीट की हिस्टेरेसिस: टेप वाइंडरसाठी करंट लूप निवडताना

जळगाव एमआयडीसीत चटईची प्लास्टिक टेप गुंडाळणाऱ्या वाइंडरसाठी स्वतःचा ड्राइव्ह (मोटरला वीज देऊन तिला ताब्यात ठेवणारं इलेक्ट्रॉनिक्स) बनवायला निघालात, की करंट लूप, म्हणजे मोटरचा करंट मोजून हव्या आकड्यावर धरणारा भाग, कोणता हे आधी ठरवावं लागतं. पाइपच्या एक्स्ट्रूडरला एवढा विचार लागत नाही. तिथे भार सावकाश बदलतो, बाजारातला साधा ड्राइव्ह पुरतो. टेपचं तसं नाही. टॉर्क (मोटरचा फिरवण्याचा जोर) डगमगला की टेपचा ताण लगेच बदलतो, आणि टॉर्क करंटवरच चालतो.

हिशेबासाठी एक पर्मनंट मॅग्नेट मोटर धरू: इंडक्टन्स २ मिलिहेन्री, रेझिस्टन्स ०.५ ओहम, पीडब्ल्यूएम (स्विच झपाझप चालू-बंद करून हवं ते व्होल्टेज देणं) १० किलोहर्ट्झ.

हिस्टेरेसिस, म्हणजे करंट ठरवलेल्या पट्ट्याबाहेर गेला की लगेच स्विच पलटवणं, समजायला सर्वांत सोपा, चपळही, आणि मोटरचे आकडे माहीत नसले तरी चालतो. पण स्विचिंगची फ्रिक्वेन्सी ताब्यात राहत नाही. न्यूट्रल (तिन्ही फेजचा सामाईक जोड) मोकळा असल्याने तिन्ही फेज एकमेकांना ढकलतात आणि चूक ठरवलेल्या पट्ट्याच्या दुपटीपर्यंत जाऊ शकते. बऱ्याच ड्राइव्हचं पूर्ण रेटिंग ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. स्विचिंगची उष्णता किती निघेल हे आधी नीट मोजता येत नसेल, तर ती पद्धत खानदेशातल्या पॅनेलमध्ये मी बसवणार नाही.

खरी निवड पीआय आणि डेडबीट यांच्यात आहे.

पीआय (प्रपोर्शनल-इंटिग्रल) आताची चूक आणि साठत गेलेली चूक या दोन्हींवरून व्होल्टेज ठरवतो. त्यात करंट रोटरबरोबर फिरणाऱ्या डी-क्यू अक्षांवर (डी चुंबकाच्या दिशेने, क्यू त्याला काटकोनात) आणायचा. प्रपोर्शनल गेन (चुकीला लावायचा गुणक) म्हणजे बँडविड्थ (लूप किती झपाट्याच्या बदलांना साथ देतो ते) गुणिले इंडक्टन्स, इंटिग्रल गेन म्हणजे बँडविड्थ गुणिले रेझिस्टन्स. बँडविड्थ रेडियन प्रति सेकंदात घ्यायची. ती किती ठेवता येईल हे उशीर ठरवतो. करंट मोजल्यापासून व्होल्टेज लागू होईपर्यंत साधारण दीड सॅम्पल (एक सॅम्पल म्हणजे दोन मोजण्यांमधला वेळ), म्हणजे इथे १५० मायक्रोसेकंद जातात. ६० अंश फेज मार्जिन (लूप अस्थिर होण्यापासूनचं अंतर) हवा असेल तर बँडविड्थ सुमारे ५५५ हर्ट्झ आणि प्रपोर्शनल गेन ७ च्या जवळ येतो. एका पीडब्ल्यूएम फेरीत दोनदा सॅम्पल आणि दोनदा अपडेट केलं तर तेवढ्याच मार्जिनवर बँडविड्थ दुप्पट. नव्या हार्डवेअरवर पैसे घालण्याआधी हे करून पाहा.

डेडबीट मोटरच्या मॉडेलवरून पुढचं व्होल्टेज काढतो आणि एक-दोन सॅम्पलमध्ये करंट जागेवर आणतो. पीआय एवढा चपळ कधीच होत नाही. पण मॉडेल चुकलं तर? जास्त करंटला लोखंड सॅच्युरेट होतं (आणखी चुंबकत्व फारसं घेत नाही), इंडक्टन्स घटतो. तो निम्मा झाला तरी वरच्या पीआयकडे सुमारे ३० अंश मार्जिन उरतो; डेडबीट त्याच जागी अस्थिरतेच्या काठावर येतो, आणि त्याच्या बरंच आधी मोटर किणकिणायला लागते. उष्णतेचा त्रास त्या मानाने कमी. वाइंडिंग २५ वरून १२० अंशांवर गेलं तर तांब्याचा रेझिस्टन्स सुमारे ३७ टक्के वाढतो. पीआयचा इंटिग्रेटर ते सावरून घेतो, नुसत्या डेडबीटमध्ये थोडी चूक कायम राहते.

१९८६ मध्ये ताकाहाशी आणि नोगुची यांनी मांडलेल्या डायरेक्ट टॉर्क कंट्रोलमध्ये वेगळा करंट लूपच नसतो. मोठ्या इंडक्शन मोटरला तो छान, मात्र साध्या रूपात कमी वेगाला टॉर्कचा रिपल (वर-खाली होणारी लहर) जास्त. टेपला ते नको.

एका वाइंडरची मोटर सतत गुणगुणायची, म्हणून मी दोन दिवस गेन कमी करत बसलो होतो. दोष गेनचा नव्हताच. एडीसीचं (करंट मोजून आकड्यात बदलणाऱ्या भागाचं) सॅम्पल पीडब्ल्यूएमच्या मध्यावर नव्हतं, त्यामुळे सरासरी करंटऐवजी रिपल मोजला जात होता. कोणताही लूप निवडा, ऑसिलोस्कोपवर हे आधी बघा.

दुसरं, डिकपलिंग (एका अक्षाच्या करंटचा दुसऱ्या अक्षावर होणारा परिणाम आधीच वजा करणं) गाळू नका. ४ पोल-जोड्या आणि ३००० आरपीएमला १० अँपिअर करंट शेजारच्या अक्षावर सुमारे २५ व्होल्ट टाकतो.

पहिल्या बोर्डवर मी डिकपलिंगसह पीआयच लावेन. एक किलोहर्ट्झच्या वर बँडविड्थ खरोखर हवी असेल आणि पूर्ण करंटपर्यंत मोजलेला इंडक्टन्सचा तक्ता हाताशी असेल, तरच डेडबीटकडे वळा. नेमप्लेटवर तो तक्ता मिळत नाही. रोटर पक्का बांधून स्वतःच मोजावा लागतो.